वळणावर मी काय पाहिलं

त्या वर्षांत आमच्या घराला एरंडेलाचा वास असायचा. कुणाचं पोट बिघडलेलं असायचं म्हणून नव्हे. शर्यतीच्या मोटारसायकलींच्या इंजिनात तेव्हा एरंडेलाच्या जातीचं तेल घालत, आणि माझे वडील त्या मोटारसायकली दुरुस्त करत. त्यांच्या खाकी शर्टाला, केसांना, अगदी जेवताना पाण्याच्या तांब्यालाही तो गोडसर जळका वास लागलेला असे. आई म्हणायची, "माझ्या माहेरी पोरांना नाक दाबून पाजायचे ते तेल, आणि हा माणूस उटण्यासारखं अंगाला फासून येतो." आबा हसायचे. माझ्या आठवणीतलं आबांचं हसणं बहुतेक त्याच काळातलं आहे. पुढे ते हसले नाहीत असं नाही, पण ते हसणं समोरच्याला बरं वाटावं म्हणून असे.

आमचं घर सिंगापूर शहराच्या उत्तरेकडच्या मोठ्या रस्त्याला लागून होतं. लाकडी भिंती, वर पत्रा, पुढे अंगण आणि अंगणापलीकडे वर्कशॉप. मालकाला इकडे तौके म्हणतात. तौकेने आबांना ते घर राहायला दिलं होतं, कामावर असेपर्यंत. पाऊस आला की पत्र्याचा इतका आवाज व्हायचा की आई जेवायला हाका मारण्याऐवजी पळीने पातेलं वाजवायची. ज्वारी मिळत नसे, म्हणून ती तांदळाच्या पिठाच्या भाकरी थापायची. सुकटीची हौस ती तिथल्या बारीक वाळवलेल्या मासळीवर भागवायची. एकादशीला साबुदाणा नसला तर टॅपिओकाचा कंद किसून त्याची खिचडी करायची आणि देवापुढे हात जोडून म्हणायची, "चालवून घे बाबा, इथे हेच उगवतं." हा कंद तिला ओळखायला शिकवला शेजारच्या माक तिमांनी, म्हणजे तिमामावशींनी. मलय भाषाही त्यांनीच शिकवली. माक तिमा आणि त्यांचे यजमान पाक हमीद, म्हणजे हमीदकाका, यांचं घर आमच्या घरापासून शंभर पावलांवर, रस्त्याच्या वळणावर होतं. दारात रांबुतानचं, म्हणजे केसाळ लिचीसारख्या फळाचं, मोठं झाड होतं. फळं पिकली की पाक हमीद पहिली टोपली आमच्याकडे पाठवायचे आणि आई ती टोपली कधी रिकामी परत करायची नाही; चकल्या नाही तर निदान चार केळी तरी घालायची.

मी आज हे सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर बसून लिहिते आहे. आमच्या ब्लॉकमध्ये आता पुण्या-मुंबईची तीन बिऱ्हाडं आहेत, सगळी आयटीतली. गणपतीत माझ्याकडे उकडीचे मोदक शिकायला येतात. त्यातल्या केतकीने एकदा विचारलं, "आजी, तुम्ही सिंगापूरला कधीपासून?" मी म्हटलं, पाच वर्षांची असल्यापासून. तिचा विश्वासच बसेना. तिला वाटत होतं, आपली माणसं इथे विमानातून उतरली ती एम्प्लॉयमेंट पास घेऊनच. तिनेच मागे लागून मला ही वही आणून दिली. गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याला कंपनीतून मोटारींच्या शर्यतीची तिकिटं मिळाली, शहराच्या मधल्या रस्त्यांवर होते त्या शर्यतीची. "आजी, या ना आमच्याबरोबर, मज्जा येते," ती म्हणाली. मी गुडघे दुखतात असं सांगितलं. माझे गुडघे दुखत नाहीत.

आबा साताऱ्याकडचे. पलटणीत मोटारदुरुस्तीच्या खात्यात होते. महायुद्धात इकडे आले, शत्रूच्या कैदेत पडले, सुटले, गावी परतले आणि पाच-सहा वर्षांनी बायकोपोरांना घेऊन पुन्हा इथेच आले. गावात त्यांच्या हातच्या विद्येला काही काम नव्हतं. कैदेतल्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. एकदाच, मी वर्कशॉपातला पाना हरवला होता तेव्हा, शांतपणे म्हणाले होते, "आमच्या छावणीत एकाकडून कानस हरवली. त्याला दिवसभर उन्हात उभं केलं होतं. संध्याकाळी आडवा केला तो उठलाच नाही. तेवढा पाना शोध, पोरी." मी अंगणातलं गवत न् गवत धुंडाळून तो पाना शोधला. कुठल्याही साहेबापुढे, मग तो पोलीस असो की पोस्टातला कारकून, आबांचे दोन्ही हात आपोआप विजारीच्या शिवणीला लागायचे. मला हे तेव्हा विचित्र वाटे. शकू, तुझे वडील असे का उभे राहतात, असं शाळेतल्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा मला लाज वाटली होती.

माझा भाऊ यशवंत, म्हणजे आमचा दादा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तोही वर्कशॉपातच होता. त्याला शाळा जमली नाही, पण इंजिन नुसतं ऐकून तो त्यात काय दुखतंय ते सांगायचा. आबा हाताने काम करायचे, दादा कानाने. दोघे मिळून एखादं इंजिन उघडून बसले की तासन् तास एक शब्द न बोलता काम चालायचं. एकाने हात पुढे केला की दुसरा न मागता नेमकी वस्तू द्यायचा. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करायचे आणि मधून मधून बघायचे. बापलेकांचं इतकं प्रेम मी पुढे फार कमी घरांत पाहिलं. ते प्रेम आहे हे त्या दोघांना बहुधा ठाऊकही नव्हतं.

आमच्या त्या रस्त्यावर वर्षातून एकदा शर्यत भरू लागली. रोजचाच रस्ता, त्यावरून बस जायची, भाजीचे ट्रक जायचे, आम्ही शाळेत जायचो. शर्यतीच्या दोन दिवसांत पोलीस तो बंद करायचे, वळणांवर वाळूची पोती रचायचे, दोर बांधायचे आणि आमच्यासारख्या रस्त्याकाठच्या लोकांना सांगायचे की दोराच्या आत थांबा. एक दिवस मोटारी, एक दिवस मोटारसायकली. अख्खं शहर लोटायचं. आमच्या अंगणाच्या कडेला चहावाला, सरबतवाला, काड्यांना मांसाचे तुकडे लावून साते भाजणारे बसायचे. आई पहिल्या वर्षी कानात कापूस घालून बसली होती. दुसऱ्या वर्षी ती दोराशी उभी राहून, "तो लाल डोक्याचा कोण गं? चांगला पळवतो," असं विचारत होती.

तिसऱ्या वर्षी दादा उतरला. मोडीत निघालेली एक ब्रिटिश मोटारसायकल आबांनी आणि त्याने आठ महिने खपून उभी केली होती. तौकेने वर्कशॉपचं नाव टाकीवर रंगवून घेतलं आणि दादाचं नाव नोंदवलं. सगळा मोहल्ला दादाचा झाला. पाक हमीद रोज सकाळी अंगणात येऊन मोटारसायकलीभोवती एक फेरी घालायचे आणि आईला विचारायचे, "आमचा वाघ जिंकणार ना?" दादा त्यांना वाकून म्हणायचा, "पाक, तुमच्या वळणावरून जाताना हात करीन." ते म्हणायचे, "हात नको करू बाबा, दोन्ही हात गाडीवर ठेव."

शर्यत दुपारी होती. त्या सकाळी आईने पुरण घातलं होतं. काही सण नव्हता, पण मुलगा एवढ्या मोठ्या कामाला निघालाय, तर गोड खाऊन जाऊ दे, असं तिचं म्हणणं. आबांनी पहाटेपासून मोटारसायकल अंगणात घेतली होती. पुढचं चाक काढून ब्रेकचे शू बदलले, चाक परत बसवलं, आणि ब्रेकची तार जोडत होते. दादाने मला हे सगळं पूर्वी समजावून सांगितलं होतं. ती तार चाकापाशी एका छोट्या खिळीने अडकवतात, आणि खिळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात स्प्लिट पिन ओवतात. बायकांच्या केसांच्या आकड्यासारखी दोन पायांची पिन असते ती. ओवून झाली की पाय मागे वळवायचे. बस्स, मग काही केल्या सुटत नाही. मी अंगणात जाऊन म्हटलं, "आबा, आई बोलावतेय. पोळ्या गार होतायत."

"आलोच," ते म्हणाले.

आतून आईची हाक आली, "आत्ता या! एकदा गाडी न्यायला माणसं आली की तुम्ही पाणीसुद्धा प्यायचे नाहीत."

आबा उठले. हात पुसले. खिशात काहीतरी टाकलं. ते मी पाहिलं, पण पाहिलं हे मला तेव्हा कळलं नाही. आम्ही सगळे जेवायला बसलो. दादाने तीन पोळ्या खाल्ल्या, आबांनी दोन. तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला; शर्यतीच्या मोटारसायकली न्यायला आलेला ट्रक. आबा आणि दादा धावत बाहेर गेले, चौघांनी मिळून मोटारसायकल वर चढवली आणि ती गेली.

मी पाक हमीदांच्या वळणावर उभी होते. तिथून सरळ उतार दिसायचा, आणि उताराच्या शेवटी मोटारसायकल डावीकडे वळताना आमच्या अगदी समोरून जायची. पाक हमीद आपल्या झाडाखाली स्टुलावर बसले होते. दोर सांभाळणाऱ्या माणसाने त्यांना दोनदा मागे व्हायला सांगितलं. ते म्हणाले, "हे माझं दार आहे. माझ्या दारातून मी कुठे जाऊ?" माणूस हसला आणि पुढे गेला. समोरच्या बाजूला शाळेच्या मुलांची रांग होती. पहिल्या काही फेऱ्यांत दादा सहावा होता, मग पाचवा, मग एकदम तिसरा. तो समोरून गेला की आम्ही ओरडायचो. त्याने हात केला नाही.

शेवटून तिसऱ्या फेरीत तो उतारावरून आला आणि वेग कमी झाला नाही. मी हे पुष्कळदा मनात चालवून पाहिलं आहे, आणि माझी आठवण इतक्या वर्षांत बदलली असेल, अशी शंका मीच घेत आले आहे. पण एक गोष्ट बदललेली नाही. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं मला दिसली. ती ब्रेकच्या लिव्हरवर आवळलेली होती, आणि लिव्हर मुठीला येऊन टेकला होता. दादाने क्षणभर खाली, आपल्या हाताकडे पाहिलं. मग मान वर केली. समोर मुलांची रांग होती. त्याने मोटारसायकल जोर लावून दुसरीकडे घातली, झाडाकडे, जिथे त्याला वाटलं कुणी नसेल. पोती फुटली, वाळू उडाली. स्टूल कुठेतरी लांब जाऊन पडलं.

पाक हमीद जागीच गेले. दादाला हॉस्पिटलात नेलं. डोक्याला मार होता, खांदा मोडला होता. तो दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, पण सकाळी पुरणपोळी खाल्ल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं. ट्रक नाही, शर्यत नाही, वळण नाही. त्याला काय झालं ते सांगावं लागलं. मोटारसायकलीचा पुढचा भाग तर ओळखू येणार नाही असा चेंदामेंदा झाला होता.

सोमवारी आई धुणं घेऊन बसली. आबांचे खिसे उलटे करून त्यातले नट, वॉशर खिडकीत काढून ठेवायची तिची सवयच होती. मी बालदी घेऊन आले तेव्हा ती हातात काहीतरी धरून बसली होती. नवी कोरी स्प्लिट पिन. पाय सरळ, न वळवलेले.

"ही कशाची गं?" तिने विचारलं. मी बालदी खाली ठेवली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

आबा विहिरीपाशी बसले होते. मी ती पिन त्यांच्या पुढे तळहातावर धरली. त्यांनी हात लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाला दाखवलीस?"

त्या एका प्रश्नाने मला सगळं समजलं. ती सुटी, जादा पिन असती तर त्यांनी विचारलं असतं, ही कुठली. मी म्हटलं, फक्त आईला. त्यांनी मान हलवली. मग ते उठून उभे राहिले, आणि त्यांचे दोन्ही हात हळूहळू मांड्यांवरून खाली सरकले आणि शिवणीला लागले. माझ्यासमोर. सोळा वर्षांच्या पोरीसमोर.

दुपारी आईने मला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लोटलं. "हे बघ शकू, एक पोरगा तिकडे पडलाय. आता ह्यांनाही साहेबापुढे उभं करू? ह्यांचं काय होईल ते तुला माहीत आहे. हे घर तौकेचं आहे. उद्या कामावरून काढलं तर आपण चौघं कुठे जाणार?"

"पण दादाला तरी सांगू या."

"त्याला सांगितलं की तो बापाला वाचवायला जाईल नाहीतर बापाचा गळा धरेल. दोन्हींत घर मोडेल. यशवंत पोरगा आहे, उभारी धरेल. हे नाही धरायचे."

आईचं खोटं नव्हतं. हेच मला आजही पचत नाही; ती बोलली त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

गुरुवारी मी डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. दादाच्या डोक्याला पट्टी, हात गळ्यात. त्याने नर्स जाईपर्यंत वाट पाहिली आणि मला जवळ बोलावलं. "शकू, सगळे म्हणतात, वेग कमी केलाच नाही मी. दोर धरणारा म्हणतो, मागचा स्वार म्हणतो. मला तिसरा नंबर सोडवेना, म्हणून ब्रेक उशिरा मारला, असं म्हणतात. मला काहीच आठवत नाही गं. तू वळणावर होतीस ना?"

"हो."

"माझा हात दिसला तुला? बोटं लिव्हरवर होती का? नीट आठव. तेवढंच सांग."

मी त्याच्या उशीच्या अभ्र्याकडे पाहत होते. कोपऱ्यावर हॉस्पिटलचा निळा शिक्का होता.

"धूळ होती, दादा," मी म्हटलं. "मला दिसलं नाही."

त्याने डोळे मिटले. डब्यातलं वरण त्याने खाल्लं नाही.

पुढे रीतसर चौकशी झाली. आबांना विचारलं, मोटारसायकल सुस्थितीत होती का. ते ताठ उभे राहून, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "येस सर. ऑल ओके, सर." दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आठवत नाही. मग कुणी न विचारता म्हणाला, "माझीच चूक असणार." अपघात, स्वाराचा अंदाज चुकला, असं लिहिलं गेलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी बाकावर बसून होते. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याची फुशारकी मारायला मला जागा नाही. हॉस्पिटलात मला विचारलंच होतं.

दादा घरी आला तो वेगळाच माणूस. वर्कशॉपात जायचा, काम करायचा, पण आबांनी हात पुढे केला तर आता त्याला विचारावं लागे, काय हवंय. बसल्या बसल्या त्याचा उजवा हात आपोआप आवळायचा आणि सुटायचा, आवळायचा आणि सुटायचा. मोहल्ल्यातली पोरं लांबून "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडून पळायची. शोकाचे चाळीस दिवस झाले आणि माक तिमा आमच्याकडे आल्या. आई चुलीपाशी उभी राहिली, पुढे जायची तिची हिंमत झाली नाही. माक तिमा सरळ दादाजवळ गेल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुदा नासिब, नाक." झालं ते नशिबातलं, बाळा. मलय भाषेतही नशिबाला नासिबच म्हणतात. दादा त्यांच्या पायांशी बसून ढसाढसा रडला. आबा दारात होते. ते मागच्या मागे वळले आणि वर्कशॉपात जाऊन त्यांनी कुठलं तरी इंजिन चालू केलं, आणि ते कितीतरी वेळ चालूच ठेवलं. माक तिमांनी आमच्या घरी त्या दिवशी पाणी घेतलं, आईला मिठी मारली. त्यानंतरही त्या फळांची टोपली पाठवत राहिल्या. आई टोपली परत पाठवताना काय घालायची मला माहीत नाही. मी बघायचं सोडून दिलं होतं.

दोन वर्षं अशी गेली. मग दादाला बोटीवर इंजिनरूममध्ये फिटरचं काम मिळालं. जायचं त्या दिवशी आई घरीच देवापुढे बसून राहिली. आबा बसस्टॉपपर्यंत आले. दादा वाकला, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो उचलायचं विसरले. बस आली तेव्हा दादानेच तो हळूच बाजूला केला. बंदरापर्यंत मी गेले, कारण मी तोवर टायपिंग शिकून तिथल्याच एका जहाज कंपनीच्या कचेरीत लागले होते. आज त्या जागेला हार्बरफ्रंट म्हणतात. मोठा मॉल आहे, बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटी सुटतात. माझी नात तिथे मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाते. मी एकदा तिला म्हटलं, इथे पूर्वी गोदामं होती, तर म्हणाली, "आजी, everything also last time गोदाम, lah." सगळंच पूर्वी गोदाम होतं म्हणे; खरं आहे तिचं.

तिथे एका गोदामाच्या सावलीत आम्ही उभे होतो. बोटीवर जायला अर्धा तास होता. मला वाटलं, आता तो निघाला आहे, आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही. म्हणजे तेव्हाही मी सोयच पाहिली.

"दादा, तू ब्रेक दाबला होतास," मी म्हटलं.

त्याने पिशवी खाली ठेवली. "कोण म्हणतं?"

"मी पाहिलं होतं. चारही बोटं आवळलेली होती. लिव्हर मुठीला टेकला होता. तू हाताकडे बघितलंस, आणि मग मुलांना चुकवायला म्हणून वळवलीस. गाडीच थांबली नाही." मग मी पिनेचं सांगितलं. खिशाचं, पोळीचं, आईचं, सगळं.

मला वाटलं, तो आबांना शिव्या देईल. तो रडेल असंही वाटलं. त्याने शांतपणे विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आणि हॉस्पिटलात आलीस गुरुवारी."

"हो."

क्रेनचा कर्कश आवाज येत होता. तो थांबेपर्यंत दादा थांबला.

"आबा घाबरले असणार," तो म्हणाला. "त्यांना मी ओळखतो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त झोप नसेल लागली. आईने घर धरून ठेवलं, तिलाही दोष नाही. पण तू, शकू? तुला कसली भीती होती? तुला कोण उन्हात उभं करणार होतं?"

आईने सांगितलं म्हणून, असं म्हणता येईल; पण आई त्या खोलीत नव्हती. तिथे मी आणि तो, दोघंच होतो, आणि त्याने तेवढंच सांग म्हटलं होतं.

"दोन वर्षं मी माझ्या हाताला विचारतोय," तो म्हणाला. पिशवी उचलली. मी पाया पडायला वाकले, तर तो मागे सरला. "घरी जा. आबांना हे मला कळलंय म्हणून सांगू नकोस. त्यांना ते सोसायचं नाही."

मी सांगितलं नाही. गप्प बसायला मला आता कुणी शिकवायला नको होतं.

त्याची पत्रं येऊ लागली. महिन्याला एक, कधी दोन. निरनिराळ्या बंदरांची तिकिटं असलेली. सगळी आबांच्या नावे. इंजिनरूममधल्या गमती, कुठला पंप कसा बसवला, "आबा, तुमच्या हाताची इथे रोज आठवण येते, तुम्ही शिकवलं ते कुठल्याही बोटीवर चालतं." अपघाताचा कधी शब्द नसे. आबा पत्र चार-चार वेळा वाचायचे, घडी घालून पेटीत ठेवायचे. शेवटी ठरलेलं असे: आईला नमस्कार सांगा, माक तिमांना सलाम सांगा. माझं लग्न झालं, तेव्हा त्याने यजमानांना शुभेच्छा पाठवल्या. मुलगा झाला, तेव्हा बाळाला आशीर्वाद पाठवले. माझं नाव नव्हतं. एकाही पत्रात, एकदाही नाही. तो परत सिंगापूरला उतरला नाही; पुढे तिकडेच युरोपात एका बंदरगावी राहिला, आणि तिकडेच वारला.

आई गेल्यावर आबा आमच्याकडे, ह्याच फ्लॅटमध्ये राहायला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला ते घाबरायचे, आणि हळूहळू त्यांना वाचता येईनासं झालं. मग दादाचं पत्र आलं की मी त्यांच्या खुर्चीजवळ स्टुलावर बसून वाचून दाखवायचे. पहिल्याच पत्राच्या शेवटी, माक तिमांना सलाम झाल्यावर, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "शकूला अनेक आशीर्वाद." आबांनी नेहमीसारखा पत्रासाठी हात पुढे केला. मग दर पत्राला मी ते वाचू लागले. कधी "शकूची तब्येत कशी आहे", कधी "शकूला सांभाळा" असंही घालायचे. आवाज बदलू देत नसे. यजमान बाजूला पेपर वाचत असायचे, त्यांनाही कधी शंका आली नाही. पाच-सहा वर्षं मी हे केलं, आणि खोटं सांगत नाही, वाचताना क्षणभर मला ते खरं वाटायचं.

एका दुपारी असंच पत्र संपवून मी घडी घालत होते. आबांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"शकू," ते म्हणाले, "डोळे जायच्या आधीची पत्रं मी माझी मीच वाचली होती गं."